केराटिन, बोटॉक्स की नॅनोप्लास्टिया? पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी हे समजून घ्या

रील तर तुम्ही पाहिलंच असेल. डावीकडे पिंजारलेले केस, उजवीकडे आरशासारखे चमकणारे, आणि खाली लिहिलेलं असतं, 'फक्त तीन तासांत'. घरात लग्न महिन्यावर आलंय, पावसाळ्यात केसांचं पार घरटं झालंय, म्हणून तुम्ही पार्लरमध्ये चौकशीला जाता. तिथं हातात रेटकार्ड पडतं. त्यावर रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, सिस्टीन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया, हेअर स्पा अशी लांबलचक यादी असते. "यातलं माझ्यासाठी कोणतं?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "ताई, केराटिन करा, तुम्हाला छान दिसेल."

दिसेलही छान. पण ते नक्की काय असतं, किती दिवस टिकतं आणि त्याची किंमत फक्त पैशांत मोजायची का, हे कुणी सांगत नाही. आज तेच सोप्या भाषेत पाहूया. लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. नावं दहा असली तरी पद्धती तीनच आहेत, आणि आपल्या केसांवर यातली कोणती वापरली जाणार हे विचारणं हा आपला हक्क आहे.

केस कुरळे किंवा सरळ का असतात?

आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखांमध्येही हेच प्रथिन असतं. डोक्यावर दिसणारा केस जिवंत नसतो. जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी असतो. म्हणूनच केस कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच एकदा बिघडलेला केस जखमेसारखा आपोआप भरून येत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा कामाला येईल.

या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. पहिले कच्चे बंध, म्हणजे हायड्रोजन बंध. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळले की पुन्हा जुळतात. घरी स्ट्रेटनर फिरवून सरळ केलेले केस मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत तासाभरात पुन्हा फुलतात, ते यामुळेच.

दुसरे पक्के बंध, म्हणजे डायसल्फाइड बंध. यांच्यात गंधक असतं. शिडीच्या दोन दांड्यांना जशा पायऱ्या धरून ठेवतात तसे हे बंध साखळ्यांना धरून ठेवतात. केसाचा मूळ आकार आणि ताकद मुख्यतः यांच्यावर अवलंबून असते. हे बंध पाण्यानं सुटत नाहीत, त्यासाठी रसायनच लागतं.

आता रेटकार्डावरच्या नावांकडे वळूया.

पहिली पद्धत: बंध तोडून पुन्हा जोडणं

यात रिबॉन्डिंग आणि बऱ्याच ठिकाणचं स्मूदनिंग येतं. आधी केसांना एक क्रीम लावतात. त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते पक्के बंध तोडतं. मग केस धुऊन, वाळवून, गरम प्रेसिंग मशीननं सरळ करतात. शेवटी न्यूट्रलायझर लावतात. त्यात साधारणपणे हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि ते बंध नव्या, सरळ जागी पुन्हा जोडतं.

हे कायमचं असतं. म्हणजे जेवढा केस सरळ केला तेवढा सरळच राहतो, पण मुळातून येणारा नवा केस मात्र आपल्या मूळ वळणानंच येतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे सहा महिन्यांनी वरचे सहा-सात सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळ असा प्रकार होतो. मग 'टचअप' आलं. टचअप फक्त नव्या वाढीवर करायचं असतं. जुन्या सरळ भागावर तेच क्रीम पुन्हा लागलं तर तिथला केस तुटतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नको असलेले केस काढायच्या क्रीममध्येही थायोग्लायकोलेटच्या घराण्यातलंच रसायन असतं. तिथं ते जास्त तीव्र अल्कधर्मी असतं आणि केस पूर्ण विरघळेपर्यंत ठेवतात. इथं ते अर्ध्यावर थांबवायचं असतं. म्हणून या कामात घड्याळाला फार महत्त्व आहे. क्रीम लावून ब्युटिशियन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली आणि दहा मिनिटं जास्त झाली, तर ती दहा मिनिटं तुमच्या केसांना भोगावी लागतात.

दुसरी पद्धत: ॲसिड किंवा ॲल्डिहाइड आणि गरम इस्त्री

यात केराटिन, ब्राझिलियन, बऱ्याच ठिकाणचं सिस्टीन, हेअर बोटॉक्स आणि नॅनोप्लास्टिया ही नावं येतात. यात पक्के बंध सहसा तोडत नाहीत. केसांना द्रव लावतात, ब्लो-ड्राय करतात आणि मग २०० ते २३० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीनं प्रत्येक बट अनेकदा दाबतात. परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो आणि धुता धुता कमी होत जातो.

'केराटिन' या नावामुळे वाटतं की केसात प्रथिन भरलं जातंय आणि केस मजबूत होतायत. खरं तर अख्ख्या केराटिनचा रेणू केसात शिरण्याइतका लहान नसतो. उत्पादनात त्याचे बारीक केलेले तुकडे असतात आणि ते मुख्यतः पृष्ठभागावर बसतात. केस सरळ ठेवायचं काम दुसरंच रसायन करतं.

सुरुवातीच्या केराटिन उत्पादनांत ते रसायन होतं फॉर्मॅल्डिहाइड. शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला बेडूक आठवतोय? तो ज्या फॉर्मॅलिनमध्ये असायचा, ते म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मॅल्डिहाइड. ते प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकतं, म्हणून बेडूक कुजत नाही आणि केस सरळ राहतो. पण गरम इस्त्री लागली की त्याची वाफ होते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकला येतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

२०१० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पार्लरमध्ये काम करणाऱ्यांनी डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास होत असल्याची तक्रार केली. तपासणीत असं आढळलं की 'फॉर्मॅल्डिहाइड-फ्री' असं लिहिलेल्या बाटलीत ते सरासरी ८ टक्क्यांहून जास्त होतं. तिथल्या नियमाप्रमाणे ०.१ टक्का असलं तरी इशारा द्यावा लागतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं देशभरातल्या सलूनसाठी धोक्याची सूचना काढली.

म्हणजे नुसत्या 'फ्री' या शब्दावर विसंबून चालत नाही. लेबलवर मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मॅलिन किंवा मिथेनडायॉल लिहिलं असेल तरी अर्थ तोच. ही सगळी एकाच गोष्टीची नावं समजा.

मग नवी नॅनोप्लास्टिया सुरक्षित का?

फॉर्मॅल्डिहाइडचं नाव खराब झालं तसं कंपन्यांनी दुसरं रसायन पुढे आणलं, ते म्हणजे ग्लायऑक्झिलिक ॲसिड. आज 'ऑरगॅनिक', 'नॅनो', 'बोटॉक्स', 'अमिनो ॲसिड' अशा नावांनी होणाऱ्या बऱ्याच ट्रीटमेंटमध्ये हेच असतं. (आणि हो, हेअर बोटॉक्समध्ये सुरकुत्यांसाठी देतात ते बोटॉक्स अजिबात नसतं. ते फक्त नाव आहे.)

या ॲसिडबद्दल दोन गोष्टी माहीत असायला हव्यात.

पहिली, इस्त्रीच्या उष्णतेनं त्यातूनही थोडं फॉर्मॅल्डिहाइड तयार होऊ शकतं. बाटलीत नसलं तरी वाफेत असू शकतं.

दुसरी जास्त गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या निरोगी तरुणीची माहिती छापून आली. तिनं २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा केस सरळ करायची ट्रीटमेंट केली, आणि तिन्ही वेळा तिला उलट्या, जुलाब, ताप आणि पाठदुखी झाली. तपासणीत तिन्ही वेळा मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचं दिसलं. वापरलेल्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक ॲसिड होतं. फ्रान्सच्या डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. ऑक्झलेट हा शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याकडचे बहुतेक मुतखडे याचेच असतात. डॉक्टरांचा निष्कर्ष असा की ॲसिड टाळूतून शरीरात शिरतं, तिथं त्याचं ऑक्झलेट होतं आणि ते मूत्रपिंडात साचतं. इस्रायलमध्येही २०१९ ते २०२२ या काळात अशा ट्रीटमेंटनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या २६ स्त्रियांची नोंद डॉक्टरांनी केली आहे.

याचा अर्थ नॅनोप्लास्टिया केलेल्या प्रत्येकीला असं होतं, असा नाही. लाखो जणी करतात आणि त्रास झाल्याच्या नोंदी मोजक्या आहेत. पण हे क्रीम टाळूला जितकं जास्त लागेल, आणि टाळूवर खरचटलेलं किंवा जळलेलं असेल, तितका धोका वाढतो, हे समजायला अवघड नाही.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचीही बरीच चर्चा झाली. ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षं मागोवा घेऊन २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. केस सरळ करायची उत्पादनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. कोणत्या रसायनामुळे हे घडतं ते या पाहणीत तपासलेलं नव्हतं, त्यामुळे ट्रीटमेंटमुळेच कर्करोग होतो असं त्यावरून म्हणता येत नाही. पण 'दर दोन-तीन महिन्यांनी करून टाकू' या सवयीचा पुन्हा विचार करायला एवढं कारण पुरेसं आहे.

तिसरी पद्धत: फक्त लेप

यात हेअर स्पा, प्रोटीन मास्क आणि ग्लॉस येतात. यात बंध तुटत नाहीत. कंडिशनर, तेलं, सिलिकॉन केसांवर पातळ थर देतात, खवले सपाट बसवतात, त्यामुळे केस मऊ आणि चमकदार वाटतात. हे काही धुण्यांपुरतंच टिकतं. कुरळे केस यानं सरळ होत नाहीत. पण धोकाही कमी आणि पैसेही कमी. तुमची तक्रार 'केस कुरळे आहेत' ही नसून 'केस कोरडे आहेत' ही असेल, तर तुम्हाला बहुधा एवढंच हवं असतं.

थोडक्यात, 'सहा महिने टिकेल' असं कुणी म्हणालं की पहिली किंवा दुसरी पद्धत समजा. 'पाच-सहा धुण्यांपर्यंत' म्हटलं तर तिसरी.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आधीच विचारता येतात. चांगली ब्युटिशियन रागावत नाही, उलट तिला बरं वाटतं.

१. कोणतं उत्पादन वापरणार? बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवाल का? भारतात सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी असायला हवी. इथं बनलेल्या मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो आणि आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता असतो. यातलं काहीच नसलेली किंवा नाव नसलेल्या डब्यात ओतून ठेवलेली क्रीम नको म्हणा.

२. यात फॉर्मॅल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक ॲसिड आहे का? 'सगळं नॅचरल आहे' हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

३. एका बटेवर आधी करून पाहाल का? मानेजवळची, आतली एक बट पुरते. ती ताणल्यावर रबरासारखी लांबली किंवा तुटली तर ट्रीटमेंट रद्द करायची.

४. खोली मोकळी आहे का? खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन हवा. बंद एसी केबिनमध्ये वाफ तिथंच फिरत राहते. इथं एक विचार करून पाहा. तुम्ही वर्षातून एकदा तीन तास बसता. इस्त्री फिरवणारी मुलगी त्याच वाफेत रोज तासन्‌तास उभी असते. ओरेगॉनमध्ये तक्रार करणाऱ्या याच बायका होत्या. त्यामुळे खिडकी उघडायला सांगताना संकोच करू नका, त्यात तिचंही भलं आहे.

५. क्रीम मुळापासून किती लांब लावणार? टाळूपासून किमान एक-दीड सेंटिमीटर सोडूनच.

आणि तुम्ही आपणहून सांगायच्या गोष्टी

मेहंदी लावली असेल तर सांगा. शुद्ध मेहंदीचा थर क्रीमला नीट आत जाऊ देत नाही, पण खरा प्रश्न 'काळी मेहंदी' किंवा मेहंदीच्या नावाखाली मिळणाऱ्या पावडरींचा आहे. त्यात धातूंचे क्षार असतील तर पेरॉक्साइड लागल्यावर केस तापून तुटू शकतात. मेहंदी किती महिन्यांपूर्वी लावली हे आठवून सांगा, कारण ती धुतली गेली तरी केसात राहते.

हायलाइट किंवा ब्लीच केलं असेल तर तेही सांगा. ब्लीच केलेल्या केसाचे बरेच पक्के बंध आधीच गेलेले असतात. त्यावर रिबॉन्डिंग म्हणजे केस तुटायला आमंत्रण.

टाळूवर फोड, सोरायसिस, खाजवून झालेली जखम असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत थांबा. दिवस गेले असतील, बाळाला अंगावर पाजत असाल, दमा असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पहिल्या दोन पद्धती टाळलेल्याच बऱ्या. लहान मुलींच्या केसांवर तर हौसेखातरही नको.

लग्नासाठी करायचंच असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी करा. बिघडलं तर सावरायला वेळ मिळतो. हळदीच्या आदल्या दिवशी केलेला प्रयोग फोटोत कायमचा राहतो.

करताना आणि केल्यानंतर

टाळू जळायला लागली तर 'थोडं सहन करा' हे ऐकू नका. लगेच धुवायला सांगा आणि भरपूर साध्या पाण्यानं धुवा. डोळे चुरचुरले, श्वास लागला तर उठून बाहेर मोकळ्या हवेत जा. अर्धवट राहिलेली ट्रीटमेंट पुन्हा करता येते.

ओल्या केसांवर इस्त्री फिरवू देऊ नका. आतलं पाणी उकळून केसात बारीक फुगे तयार होतात आणि केस तिथंच तुटतो. इस्त्री फिरवताना 'चर्र' असा आवाज आला तर केस अजून ओला आहे असं समजा.

त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उलट्या, जोराची पाठदुखी, लघवी कमी होणं किंवा खूप थकवा असं काही झालं तर ते ॲसिडिटीवर ढकलू नका. डॉक्टरांकडे जा आणि केसांची ट्रीटमेंट केल्याचं आठवणीनं सांगा. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. क्रिएटिनिनच्या साध्या रक्तचाचणीतून मूत्रपिंडाची स्थिती कळते. उत्पादनाचा फोटो काढून ठेवला असेल तर तो इथं कामाला येतो. उत्पादनाबद्दल तक्रार करायची असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

केस तुटायला लागले तर दुसरी 'रिपेअर ट्रीटमेंट' विकत घेण्याआधी थांबा. सुरुवातीला म्हटलं तसं, केस स्वतःहून भरून येत नाही. कंडिशनर लावा, उष्णता बंद करा, दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापा आणि नवा केस येऊ द्या. मुळं शाबूत असतील तर नवा केस चांगलाच येतो.

काहीच न करता केस सांभाळता येतात का?

येतात. आणि बऱ्याच जणींना खरं तर हेच हवं असतं.

केस धुण्याआधी खोबरेल तेल लावायची आज्जीची पद्धत चुकीची नाही. २००३ साली मुंबईत झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाला होता हे खरं, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातला मुख्य घटक लहान आणि सरळ आकाराचा असल्यानं केसात शिरू शकतो. अर्ध्या तासापूर्वी लांबीला लावलेलं चमचाभर तेल पुरतं.

शॅम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. टॉवेलनं खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती टी-शर्टनं टिपून घ्या. कुरळे केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर सोडवत या. दमट हवेत बाहेर पडण्याआधी सिलिकॉन सीरमचे दोन थेंब हातावर चोळून केसांवरून फिरवा, म्हणजे हवेतलं पाणी केसात कमी शिरेल. आणि तुमच्या केसांचं वळण ओळखून कापणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. चांगल्या कटनं निम्मं काम होतं.

हे सगळं वाचूनही तुम्हाला केस सरळ करावेसे वाटले तर जरूर करा. केस तुमचे आहेत, हौस तुमची आहे. फक्त जाताना वरचे पाच प्रश्न मोबाइलमध्ये ठेवा. त्यांची नीट उत्तरं देणारी ब्युटिशियन मिळाली तर थोडे पैसे जास्त पडले तरी तिच्याकडेच जा. आणि "एवढं कशाला विचारताय ताई, सगळ्याच करतात" असं उत्तर आलं, तर पर्स उचलून बाहेर पडा.

हा लेख लग्नाच्या तयारीत असलेल्या तुमच्या मैत्रिणीला, बहिणीला आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकीला नक्की पाठवा.